जुन्या रॅलेला लुधियाना की भंगार?

जुनी विलायती रॅले सायकल दुरुस्त करायचीच, हे तुमचं ठरलंय असं धरून चालतो. माळ्यावरून उतरवून, कोळिष्टकं झाडून ती अंगणात उभी करून झाली असेल. घरातल्यांनी "आता हिचं काय करणार?" हेही विचारून झालं असेल. उरतो तो सुट्या भागांचा प्रश्न, आणि तिथे खरे रस्ते दोनच. एक म्हणजे फोंडा, म्हापसा, मडगाव, कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळणारा लुधियानाचा, म्हणजे पंजाबातल्या सायकल-कारखान्यांचा नवा माल. दुसरा म्हणजे भंगार. म्हणजे त्याच घराण्यातली दुसरी मेलेली सायकल हुडकायची आणि तिचे अवयव हिला लावायचे. विलायतेहून मागवायचाही एक रस्ता आहे. गिअरच्या एका बोटभर साखळीसाठी मी तो एकदा वापरला. साखळीपेक्षा टपाल आणि कस्टम जड झालं, तेव्हा तो विषय इथेच सोडतो.

माझी सायकल आमच्या आजोबांची, अण्णांची. रॅले, अठ्ठावीस इंची चाकं, दांड्यांचे ब्रेक, मागच्या हबमध्ये स्टर्मी-आर्चरचे तीन गिअर. हबच्या अंगावर 'एडब्ल्यू' अशी अक्षरं आणि जवळच ५६ व ४ हे आकडे ठोकलेत, म्हणजे हब एप्रिल १९५६चा. गोवा मुक्त व्हायला तेव्हा अजून साडेपाच वर्षांहून जास्त काळ होता. भारताची नाकेबंदी चालू होती आणि विलायती माल थेट मुरगाव बंदरात उतरत होता. अण्णा मराठी शाळेत मास्तर. म्हार्दोळहून रोज याच सायकलवर जायचे. त्यांच्यामागे ती तीस वर्षं गोठ्यात होती.

लुधियानाची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे आणि माझं मन दुसरीकडे आहे.

टायर, ट्यूब, ब्रेकची रबरं, चेन, छर्रे हे सगळं डोळे मिटून नवं घ्या. झिजणाऱ्या वस्तूंत जुनेपणाचा हट्ट धरायचा नसतो. पोदेर (पाववाले) आणि दूधवाले वर्षानुवर्षं त्याच काळ्या सायकलवर फिरत आलेत, म्हणून २८ × १½ हे माप आपल्याकडे अजून नाक्यावर मिळतं. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ६३५ हा आकडा आहे ना, एवढं मात्र पाहा. नुसतं '२८' बघून आणलात तर ६२२ वाला हाती येईल. तो तुमच्या रिमवर चढणार नाही आणि दुकानदार तुम्हालाच दोष देईल.

रिमसुद्धा बसतात. पुढे ३२ आणि मागे ४० तारा हा विलायती हिशेब आपल्या काळ्या सायकलींनी तसाच उचलला, त्यामुळे भोकं जुळतात. दांड्यांच्या ब्रेकला रबर रिमच्या आतल्या अंगाला घासतं. त्यासाठी लागतो तो घाटही नव्या रिमांना असतो. मी चवथीच्या आधी नवी जोडी घातली. काय चकाकत होती! दिवाळीला प्रत्येक तारेच्या मुळाशी तपकिरी ठिपका. आमच्याकडे समुद्र लांब आहे, पण खारं वारं यायला समुद्र दारात लागत नाही, आणि गोव्याच्या पावसात चार महिने सायकल कोरडी राहणं कठीण. शेवटी अण्णांच्या जुन्या रिम पुन्हा चढवल्या. पाण्यात बुडवलेल्या सिगारेटच्या चांदीने घासल्यावर त्यांचा बराचसा गंज निघाला. तवा घासायची तार घेऊ नका, क्रोम ओरबाडलं जातं. जुनं क्रोम जाड असावं असा माझा अंदाज. मोजायला गेलो नाही.

इथपर्यंत दोन्ही बाजू सारख्याच म्हणता येतील. माझा तराजू झुकला तो एका आवाजामुळे.

अण्णांच्या क्रँकचे कॉटर, म्हणजे पायडलचे दांडे एक्सलला पक्के धरणाऱ्या पाचरी, गंजून गेले होते. दुकानातून नवी जोडी आणली, वीसेक रुपयांची, आणि मिस्त्रीने पाच मिनिटांत ठोकून दिली. दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी फर्मागुडीचा चढ चढताना डावा पाय खाली गेला की टक्. उजवा गुपचूप. पुन्हा डावा, टक्. उतारावर काही नाही. सपाटीवर असेल नसेल असं. चढाला मात्र दर फेरीला एक, घड्याळासारखा.

मी आधी पायडलला तेल दिलं. मग सीटच्या स्प्रिंगांवर संशय घेतला आणि उभं राहून चालवून पाहिलं. टक्. चेन धुतली. टक्. घरच्यांना तर तो आवाज इतका पाठ झाला की मी देवळाच्या वळणावर असतानाच आत चहाचं आधण चढायचं.

डाव्याच पायाला का, हे कळायला वेळ लागला. उजव्या क्रँकला दातेरी चक्र थेट जोडलेलं असतं, त्यामुळे उजव्या पायाचा जोर सरळ चेनमध्ये जातो. डाव्या पायाचा जोर डाव्या कॉटरमधून एक्सलमध्ये, एक्सलमधून उजव्या कॉटरमध्ये आणि मग चक्रात, असा पल्ला मारून येतो. वाटेत कुठेही केसभर ढिलाई असली की तो तिथे आपटतो. कॉटर काढून पाहिला तर त्याच्या सपाट बाजूवर चक्क पायरी पडलेली, नखाला लागेल एवढी. लोखंड मऊ होतं. एक्सलची धार त्यात रुतून बसली होती.

मिस्त्रीने दुसरी जोडी घातली. नंतर तिसरी. प्रत्येक वेळी कानशीने सपाटी थोडी जास्त घासून. एकदा तर डाव्या-उजव्याचा कोन चुकला आणि दोन्ही पायडल एका रेषेत राहीनात, लंगड्या माणसासारखी सायकल चालायला लागली. मीही जमेल ते शिकलो. दोन्ही कॉटर एकमेकांच्या उलट दिशांनी बसायला हवेत. ठोकताना क्रँकखाली जाड पाइपचा टेका हवा, नाहीतर हातोडीचा मार छर्ऱ्यांच्या वाटेवर बसतो. कॉटर आत घ्यायचा तो ठोकून किंवा दाबून. नट त्याला फक्त धरून ठेवायला असतो, ओढून घ्यायला नव्हे. वीसेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा ठोकून नट आवळायचा. हे सगळं केलं. चौथी जोडी श्रावणात पाच दिवस टिकली.

मग मिस्त्री म्हणाला, नवा अख्खा सेटच घालू: एक्सल, कप (फ्रेममध्ये आट्यांनी बसणाऱ्या, छर्रे धरणाऱ्या वाट्या), क्रँक, चक्र. पैसे फार नव्हते. पण चक्र हातात घेतल्यावर मन मागे सरलं. रॅलेच्या चक्रात तीन बगळ्यांची मुंडकी कापलेली असतात. लहानपणी गोठ्यात सायकल उलटी करून ते बगळे गरगर फिरवायचा आमचा उद्योग होता. नवं चक्र नुसतंच गोल, पाच भोकांचं. तरीही मी हो म्हटलं, कारण तोवर त्या टक्ने कान किटले होते.

नवा कप दीड फेरी फिरला आणि अडकला. मिस्त्रीने तेल घातलं, पुन्हा लावला, तिथेच अडकला. मग पाना खाली ठेवून म्हणाला, "बाब, हाचो आटो वेगळो. हांव मारीत बसलों जाल्यार कप फुटतलो." हा माणूस नसता तर माझी फ्रेम त्या दिवशी संपली असती. दुसऱ्या कुणी जोर लावून नवा आटा पाडलाच असता.

गोम अशी की इंग्लंडातल्या इतर सायकलवाल्यांनी या कपांच्या आट्यांसाठी इंचाला २४ आटे हे प्रमाण धरलं, आणि नॉटिंगहॅमच्या रॅलेने स्वतःचं २६ ठेवलं. क्रँकच्या कपांना २६, पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या वरच्या सेटलाही २६. दुकानात मला मिळाला तो कप २४चा. डोळ्यांना फरक दिसत नाही आणि पहिली फेरी आरामात जाते. घोळ होतो तो याच आरामामुळे. तुमची सायकल अ‍ॅटलस, हिरो किंवा तशीच कुठली देशी काळी असेल, तर हे सगळं सोडून द्या. लुधियानाचा सेट घाला आणि फिरायला जा. अडचण आहे ती रॅलेच्या घराण्याची. त्यात हंबर आणि रज धरा, कारण हंबर १९३२मध्ये आणि रज १९४३मध्ये रॅलेच्या पदरात गेली. त्यानंतर नॉटिंगहॅमला बनलेल्या सायकलींवर नाव वेगळं दिसलं तरी आटे बहुधा हेच निघतात.

आता भंगाराची बाजू.

मला मिळाली सेन-रॅले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत पश्चिम बंगालमध्ये आसनसोलला रॅलेच्या सहकार्याने कारखाना निघाला, तिथली. डिचोलीच्या एका भंगाराच्या अड्ड्यावर फ्रिजच्या सांगाड्यांखाली पडली होती. टायर कुजलेले, मागचा मडगार्ड गायब, पण क्रँक धरून हलवला तर चिकार घट्ट. खरं तर ती वजनावर मिळायची. मी तिच्याकडे दोनदा वळून पाहिलं, तिथेच भाव वाढला. नऊशे रुपये दिले. घरी आणली तेव्हा शेजारच्या काकांनी फक्त एवढंच विचारलं, "आता दोन झाल्या?"

लुधियानाचं काम एका दुपारचं. भंगाराचं काम मला पुढचा माघ लागेपर्यंत पुरलं. तिचे कॉटर सोडवायला आठ दिवस रॉकेल पाजलं. पहिला मी हातोडीने ठोकला. त्याचं आट्यांचं टोक छत्रीसारखं पसरलं आणि तो वाया गेला. दुसऱ्याला शहाणपण वापरलं. सुताराचा मोठा शिकंजा आणला, एका बाजूला पोकळ सॉकेट ठेवला आणि हळूहळू दाबला. "फट्" असा आवाज झाला तेव्हा मला वाटलं क्रँकच तुटला. बघतो तर कॉटर अख्खा सॉकेटमध्ये पडलेला. सपाट बाजू आरशासारखी, पायरी नाही, ओरखडा नाही. साठेक वर्षांचा असेल. मी तो खिशात घालून दिवसभर हिंडलो.

उजव्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मलाही होतं, तरी घाईत दोन वेळा चुकीच्या दिशेने जोर लावला. शेवटी दोन्ही सायकलींचे उजवे कप आपापल्या जागी राहू दिले. सेन-रॅलेचा घेतला तो एक्सल आणि डावा कप. हा डावा कप अण्णांच्या सायकलीला लावला आणि नुसत्या बोटांनी तळापर्यंत फिरत गेला. पाना लागलाच नाही. त्या दीड फेरीच्या अडकण्यानंतर हे फिरणं कसं वाटलं ते लिहून सांगता येणार नाही, पण मिस्त्रीही हसला.

प्रत्येक सेन-रॅले अशीच जुळेल अशी हमी मी देत नाही. माझी जुळली. तुमची न जुळण्याची शक्यता आहेच, आणि तेव्हा नऊशे रुपयांचं लोखंड अंगणात पडून राहतं. भंगाराचे तोटे लपवत नाही. वेळ जातो. निम्मे भाग गंजून कामातून गेलेले निघतात. चोर बाजारात वा पुण्याच्या जुन्या बाजारात सुटे भाग घ्यायला गेलात तर मापं डोळ्यांनी ओळखावी लागतात आणि परत घेण्याची बातच नाही. माझा वाया गेलेला कॉटर भरून निघाला तो पुण्याच्या जुन्या बाजारात, एका डालडाच्या डब्यात खिळ्या-मोळ्यांबरोबर. तीन रविवार गेले. त्यातल्या एका रविवारी कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय पाहून घेतलं. तिथल्या सायकली पाहिल्यावर आपल्या सायकलीला नवा रंग द्यायचा विचार माझ्या डोक्यातून पूर्ण गेला. रॉकेलच्या फडक्याने पुसा, मेण चोळा, सोनेरी रेघा जिथे उरल्या असतील तिथे उरू द्या. हे माझं मत. घरच्यांना ती अजून 'न धुतलेली' वाटते.

दुसरा तोटा मनाचा आहे. एक सायकल मोडून दुसरी जगवायची, हे मला सुरुवातीला बरं वाटलं नाही. ती सेन-रॅले कुणा पोदेराची असावी. कॅरियरवर पांटल्याच्या, म्हणजे पावाच्या टोपलीच्या, दोरीचे घासलेले पट्टे होते. धड असलेली, चालू शकणारी सायकल पार्टांसाठी मोडू नका, एवढं मी स्वतःला बजावून ठेवलंय. चिमटा वाकलेली किंवा फ्रेमला चीर गेलेली असेल तर मग विचार करा.

गिअरबद्दल विचाराल तर तिथे दोन्ही बाजूंची गरज पडली नाही. एडब्ल्यू हबचा आराखडा १९३६चा आहे आणि त्यात बिघडण्यासारखं थोडंच असतं. तेलाच्या भोकातून रॉकेल घालून फिरवलं, काळं पाणी निघेपर्यंत निथळू दिलं आणि पातळ तेल घातलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक रिकामी जागा असते. केबल नीट लावलेली नसेल तर जोर देताना पाय हवेत जातो आणि माणूस दांडीवर आपटतो. तेवढं जपा. या हबचं काही मोडलंच तर नवे भाग अजून बनतात. स्टर्मी-आर्चरचं नॉटिंगहॅममधलं काम २०००मध्ये थांबलं, पण नाव आणि यंत्रं तैवानच्या सनरेसने घेतली.

चामड्याची सीट पावसाळ्यात बुरशी धरते. पुसायची, उन्हात नव्हे तर सावलीत वाळवायची. त्यात तुलना करण्यासारखं काही नाही.

नट-बोल्टांच्या बाबतीत मात्र भंगार सरळ जिंकतं. या सायकलींचे नट-बोल्ट इंचाच्या हिशेबातले. हार्डवेअरच्या दुकानातला मिलिमीटरचा नट जबरदस्तीने चढवलात तर बोल्ट गेलाच. ब्रेकच्या दांड्यांचे सांधे, मडगार्डच्या सळयांचे स्क्रू, घंटीचा पट्टा, हे सगळं एका सेन-रॅलेतून निघून बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवलंय. गेल्या दोन वर्षांत मी दुकानात नट मागायला गेलेलो नाही.

मग काय घ्यावं? चवथीपर्यंत सायकल रस्त्यावर यायला हवी असेल, मुलाला शाळेत न्यायची असेल, किंवा दर आठवड्याला पाने-हातोड्या घेऊन बसायची हौस नसेल, तर लुधियाना. मी तुम्हाला चूक म्हणणार नाही. बरा कॉटर देणारा दुकानदार तुम्हाला कदाचित भेटेलही. मला भेटला नाही. पण क्रँक, एक्सल, कप आणि चिमट्याचा सेट, या चार गोष्टींत घाई करू नका असं वाटतं. बाकी सगळं नवं घाला हवं तर, या चारांसाठी थांबा. तुम्ही रॅले चढावर चालवणार असाल आणि कान माझ्यासारखे किरकिरे असतील, तर फार थांबावं लागलं तरी थांबा. माझ्या सायकलीचा आवाज थांबून दोन पावसाळे झाले. तोटा एकच, आता घरी पोचलो तरी चहा तयार नसतो.

भंगारात जाताना एक ओळखीचा कप खिशात ठेवा. तिथल्या कपाचे आटे आपल्या कपाच्या आट्यांत बसवायचे आणि दोन्ही उजेडासमोर धरायचे. सारखे असतील तर दात दातात बसतात आणि मधून उजेड येत नाही. २४ आणि २६ असतील तर एका टोकाला बसतात आणि दुसऱ्या टोकाला फट दिसते. माझ्याकडे असा एक जास्तीचा २६चा कप आहे, किंचित झिजलेला, पण आटे शाबूत. म्हार्दोळच्या बाजूला आलात तर न्या. परत मात्र आणून द्या. याआधी नेला त्याने अजून दिलेला नाही.